लाइव्ह दिसतंय ना? मग झालं!

मुंबईच्या उपनगरांतल्या कुठल्याही सोसायटीच्या गेटवर जा. अंधेरी असो, बोरिवली असो, घाटकोपर असो, नाहीतर आमचं मुलुंड. गेटवर पाटी ठरलेली: ‘सावधान, आपण सीसीटीव्हीच्या नजरेत आहात’. आत वॉचमनच्या केबिनमध्ये एक जुना टीव्ही, त्यावर सोळा चौकोन. एकात लिफ्ट, एकात पार्किंग, एकात मागची भिंत आणि तिच्यावर बसलेलं मांजर. सेक्रेटरी येता-जाता तिकडे नजर टाकतात आणि म्हणतात, "सगळं दिसतंय ना? मग झालं!"

नाही हो, काहीच झालेलं नाही. ते सोळा चौकोन दिसतायत म्हणजे रेकॉर्डिंग चालू आहे, असं खात्रीने म्हणता येत नाही. आणि आपण पैसे मोजलेत ते रेकॉर्डिंगसाठी. मांजर बघायला नाही.

जरा टेक्निकल बोलतो, कंटाळू नका. कॅमेऱ्यातून चित्र डीव्हीआरमध्ये येतं. तिथे त्याला दोन वाटा फुटतात. एक वाट सरळ स्क्रीनकडे जाते. दुसऱ्या वाटेने तेच चित्र दाबून लहान केलं जातं आणि हार्ड डिस्कवर लिहिलं जातं. पहिल्या वाटेला डिस्कची गरजच नाही. डीव्हीआर उघडून डिस्क काढून घरी नेलीत तरी केबिनमधले सोळा चौकोन तसेच मजेत चालू राहतील. मोबाइलच्या अॅपवर चेअरमनसाहेबांना दुबईत बसूनही लिफ्ट दिसेल. डिस्क मेली हे हमखास कळेल त्या माणसाला, जो मागची तारीख टाकून ‘प्लेबॅक’ दाबेल. आणि ते बटण आपण कधी दाबतो? चोरी झाल्यावर!

माझं म्हणणं थोडक्यात सांगतो. डीव्हीआरमधली हार्ड डिस्क बिघडणं हा अपघात नाही. ती बिघडणारच, तारीख तेवढी माहीत नसते. तिच्याकडे लक्ष द्यायचं काम कुणाच्याच नावावर नसणं हा मात्र निव्वळ निष्काळजीपणा आहे, आणि त्याची किंमत कमिटी भरत नाही. ती भरतो वॉचमन, घरकामाची बाई, पार्सलवाला पोरगा.

आता थोडं गणित करू. साध्या फुल एचडी कॅमेऱ्याला सेकंदाला २ मेगाबिट धरा. सोळा कॅमेऱ्यांचे झाले ३२ मेगाबिट, म्हणजे ४ मेगाबाइट. दिवसाचे ८६,४०० सेकंद. गुणाकार केलात तर रोजचे साधारण ३४५ जीबी होतात. म्हणजे २ टीबीची डिस्क सहा दिवसांच्या आतच भरते, मग डीव्हीआर जुनं पुसून त्याच्यावर नवीन लिहायला लागतो. "आमच्याकडे महिन्याभराचं रेकॉर्डिंग असतं" असं एजीएममध्ये छातीठोकपणे सांगणाऱ्यांना विचारा, डिस्क केवढी आहे? या हिशोबाने तीस दिवसांना १० टीबीहून जास्त लागतात. (हालचाल झाली तरच रेकॉर्ड करायचं सेटिंग असेल तर कमी लागेल, मान्य. पण रस्त्याकडे तोंड असलेल्या कॅमेऱ्यासमोर हालचाल थांबते कधी?)

हेच गणित वर्षाचं करा. १२६ टीबी. आता गंमत बघा. घरच्या कॉम्प्युटरमधल्या साध्या डेस्कटॉप डिस्कसाठी कंपन्या वर्षाला साधारण ५५ टीबी कामाचा अंदाज धरतात. सीसीटीव्हीसाठी बनवलेल्या डिस्क वेगळ्या मिळतात, त्यांचा आकडा १८० टीबीच्या आसपास असतो. फरक नुसता स्टिकरच्या रंगाचा नाही. डेस्कटॉप डिस्कला एखादा सेक्टर वाचता आला नाही तर ती इमानदारीने पुन्हा पुन्हा प्रयत्न करत बसते, कधीकधी बरेच सेकंद. एक्सेल शीटसाठी हा गुण आहे. पण इथे तेवढ्या वेळात सोळा कॅमेऱ्यांची चित्रं दारात ताटकळतात आणि गळून पडतात. सीसीटीव्हीची डिस्क अशा वेळी हट्ट सोडून पुढे लिहायला लागते. तरीही लॅमिंग्टन रोडवरून स्वस्तात मिळाली म्हणून डेस्कटॉप डिस्क आणून डीव्हीआरमध्ये कोंबणारे महाभाग कमी नाहीत. बिलावर नुसतं ‘एचडीडी २ टीबी’. कुठली, नवी की काढीव, कुणी विचारत नाही.

बरं, डिस्क मरताना गुपचूप मरते का? बहुतेकदा नाही. प्रत्येक डिस्क स्वतःच्या तब्येतीची नोंद ठेवते, तिला स्मार्ट म्हणतात. त्यात क्रमांक ५ म्हणजे किती खराब सेक्टर बाजूला काढून त्यांच्या जागी राखीव सेक्टर वापरले. १९७ म्हणजे किती सेक्टरबद्दल डिस्कला स्वतःलाच शंका आहे. १९८ म्हणजे किती वाचताच आले नाहीत. १९९ वाढत असेल तर बहुधा दोष केबलचा असतो. बऱ्याच डीव्हीआरच्या मेनूमध्ये हे आकडे सरळ दिसतात. गूगलने २००७ साली एक लाखाहून जास्त डिस्कचा अभ्यास प्रसिद्ध केला होता. त्यात दिसलं की पृष्ठभाग तपासताना पहिली चूक सापडली की त्या डिस्कची पुढच्या ६० दिवसांत मरायची शक्यता, चूक न सापडलेल्या डिस्कपेक्षा ३९ पट असते. एकोणचाळीस! पण त्याच अभ्यासाने हेही सांगितलं की मेलेल्या डिस्कपैकी ३६ टक्क्यांहून जास्त डिस्कनी, तापमान सोडलं तर, स्मार्टमध्ये एकही वाईट खूण दाखवली नव्हती.

म्हणजे स्मार्ट बघायलाच हवं, पण त्यावर विसंबून झोपता येणार नाही. कालचं रेकॉर्डिंग आज लावून बघणं ही एकच खरी परीक्षा. आम्ही सॉफ्टवेअरवाले हे वर्षानुवर्षं घोकतो: रिस्टोअर करून बघितला नाही तो बॅकअप नव्हेच. पण ऑफिसमध्ये हे तत्त्वज्ञान झाडणारा माणूस घरी आला की सोसायटीच्या डीव्हीआरला देवघरातल्या मूर्तीसारखं लांबूनच नमस्कार करतो.

आता आमच्या सोसायटीतला किस्सा. छप्पन्न घरं, सोळा कॅमेरे, वर्षाचं मेंटेनन्स काँट्रॅक्ट. मागच्या पावसाळ्यात तिसऱ्या मजल्यावरच्या कुटुंबाचं पार्सल, आत महागातला मोबाइल, केबिनमधून गायब झालं. संशय कुणावर? रात्रपाळीच्या वॉचमनवर, आणखी कुणावर! सहा वर्षं इथे काम केलेला माणूस, पन्नाशी उलटलेला. सगळे त्याला काका म्हणायचे. पार्सल गेल्यावर एका संध्याकाळीत ‘काका’चा ‘तो वॉचमन’ झाला. तो स्वतःच म्हणत होता, "साहेब, कॅमेरा बघा ना. कॅमेऱ्यात सगळं असेल."

कॅमेऱ्यात काही नव्हतं. शेवटचं रेकॉर्डिंग एकोणीस दिवसांपूर्वीचं.

मी डीव्हीआर उघडला. आत डेस्कटॉप डिस्क, साधारण ३१ हजार तास चाललेली, म्हणजे साडेतीन वर्षं अखंड. १९७ चा आकडा चार अंकी. मेनूमध्ये आणखी एक गोष्ट सापडली. डिस्कमध्ये बिघाड झाला की डीव्हीआरने बीप करावा असं सेटिंग असतं. ते बंद केलेलं होतं. चौकशी केली तेव्हा कळलं, डीव्हीआर सारखा ‘टीं टीं’ करायचा, केबिनमध्ये त्रास व्हायचा, म्हणून तक्रार गेली. काँट्रॅक्टवाल्यांचा टेक्निशियन आला आणि त्याने आवाज बंद केला. तक्रार मिटली! कॅमेऱ्यांच्या काचा पुसल्या, वहीत लिहिलं, ‘१६ कॅमेरे चालू’, सही केली आणि गेला. यंत्र बिचारं ओरडून सांगत होतं की मी मरतोय, आणि आपण त्याच्या तोंडावर हात ठेवला.

ddrescue नावाचा एक फुकट प्रोग्राम आहे, लिनक्सवर चालतो. त्याने दोन रात्री घालवून डिस्कची जमेल तेवढी नक्कल काढली. जुने काही दिवस मिळाले. पार्सल गेलं ती रात्र मिळाली नाही, कारण ती कधी लिहिलीच गेली नव्हती. जे लिहिलंच नाही ते जगातली कुठलीही लॅब परत आणू शकत नाही. तोवर एजन्सीने वॉचमनला काढलं होतं. त्याने पार्सल घेतलं की नाही, मला माहीत नाही. तुम्हालाही कधी कळणार नाही. माझं भांडण नेमकं तिथेच आहे. त्याच्या बाजूने बोलू शकेल असा एकच साक्षीदार होता आणि त्याला आपण उपाशी मारला. ‘पुरावा नाही’ याचा अर्थ कमिटीने ‘त्याच्याकडे निर्दोष असल्याचा पुरावा नाही’ असा लावला. डिस्क चालू ठेवायची जबाबदारी त्याची होती का हो? त्याला तर रिमोटला हात लावायची परवानगी नव्हती.

पण नुसत्या सोसायट्यांना तरी का बोला? आपल्याकडे सगळा हिशोब कॅमेऱ्यांच्याच संख्येत होतो. २००६ चे लोकलमधले स्फोट झाले, २००८ चा हल्ला झाला, मग मुंबईभर सरकारी कॅमेरे लावायचं ठरलं. २०१६ साली ते सुरू झाले तेव्हा पेपरांत आकडा काय आला? ४,७१७ कॅमेरे, १,५१० ठिकाणं. किती दिवस साठवतात हा आकडा कुणाच्या तोंडी बसला नाही. याच्या उलट सुप्रीम कोर्टाचा २ डिसेंबर २०२० चा परमवीर सिंग सैनी खटल्यातला निकाल वाचा. देशातल्या प्रत्येक पोलीस ठाण्यात कॅमेरे लावा एवढं सांगून कोर्ट थांबलं नाही. रेकॉर्डिंग १८ महिने टिकलं पाहिजे, आणि काही झालं तरी वर्षाच्या खाली नको, असं सांगितलं. उपकरणं चालू ठेवायची, बिघाड कळवायची आणि दुरुस्त करून घ्यायची जबाबदारी ठाण्याच्या प्रमुखावर टाकली. कोठडीतल्या माणसाला लाइव्ह चित्राचा उपयोग शून्य, हे कोर्टाला कळलं. तरीसुद्धा २०२५ च्या सप्टेंबरमध्ये ठाण्यांत चालू स्थितीतले कॅमेरे नाहीत म्हणून सुप्रीम कोर्टाला स्वतःहून दखल घ्यावी लागली. निकाल लिहून डिस्क चालत नाही, तिच्याकडे बघणारा माणूस लागतो.

आणि रेकॉर्डिंग असलं तरी सुटका नाही. २०१४ च्या विधानसभेला जालन्यात अर्जुन खोतकर २९६ मतांनी निवडून आले. हरलेले कैलास गोरंट्याल कोर्टात गेले. मुद्दा होता उमेदवारी अर्ज वेळेत भरला की नाही, आणि निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयातलं व्हिडिओ रेकॉर्डिंग हाताशी होतं. पण त्या रेकॉर्डिंगच्या प्रतीला कायद्याने लागणारं प्रमाणपत्र मागून मागून मिळालं नाही. तो वाद सुप्रीम कोर्टापर्यंत गेला आणि १४ जुलै २०२० ला कोर्टाने स्पष्ट केलं की मूळ उपकरणाऐवजी प्रत दाखवायची तर प्रमाणपत्र हवंच. (खोतकरांचं अपील मात्र फेटाळलं गेलं, कारण विरोधात इतर पुरावाही होता.) १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या ६३ व्या कलमातल्या प्रमाणपत्रात तर फाइलची हॅश व्हॅल्यूही लिहावी लागते. रेकॉर्डिंग असताना एवढा खटाटोप. आपल्याकडे मुळात रेकॉर्डिंगच नाही, आणि घड्याळ? बऱ्याच डीव्हीआरमधला बटण सेल संपला की लाइट जाऊन आल्यावर तारीख थेट काही वर्षं मागे जाते. घ्या, आता सिद्ध करा चोरी कधी झाली ते!

यावर नेहमीची उत्तरं येतात. पहिलं: "क्लाउडवर टाका." सोळा कॅमेऱ्यांचे सेकंदाला ३२ मेगाबिट अहोरात्र वर चढवायला लागणारं कनेक्शन आणि दरमहाचं भाडं कोण देणार, हे आधी एजीएममध्ये पास करून दाखवा. दोन-तीन महत्त्वाच्या कॅमेऱ्यांपुरतं ठीक आहे, करा. दुसरं: "दोन डिस्क लावा." लावा की. पण बघणारं कुणी नसेल तर एकीच्या जागी दोन मरतील. तिसरं: "एआयवाले नवे कॅमेरे घेऊ." यावर तर डोक्याला हात लावावासा वाटतो. डोळे नवे घ्यायचे आणि स्मरणशक्ती गेली आहे तिकडे बघायचं नाही! चौथं, लाडकं उत्तर: "फंड नाही." चांगली ४ टीबीची सीसीटीव्ही डिस्क आमच्या छप्पन्न घरांत वाटली तर घरटी एका पिझ्झ्याच्या आत बसते. दर तीन-चार वर्षांनी एकदा. गेटला ग्रॅनाइट लावायला फंड होता, बरं का.

डिस्क खरंच आजारी आहे अशी शंका आली तर काय करायचं? लक्षणं ठरलेली असतात. प्लेबॅक मध्येच उड्या मारतो, वेळेच्या पट्टीत भोकं दिसतात, डीव्हीआर आपोआप रीस्टार्ट होतो, आतून ‘टक टक’ येते. आधी अडॅप्टर बघा. मोठ्या डिस्कला फिरायला सुरुवात करताना १२ व्होल्टवर २ अँपिअरच्या आसपास करंट लागू शकतो. जुना, थकलेला अडॅप्टर तेवढा देत नाही आणि निष्पाप डिस्क बदनाम होते. (वॉचमनसारखीच.) मग केबल बदलून बघा. मग स्मार्ट. हवं असलेलं रेकॉर्डिंग डिस्कवर असेल तर ‘फॉरमॅट’ला चुकूनही हात लावू नका. डीव्हीआर तो पर्याय अगदी लाघवीपणे पुढे करतो. विंडोजला जोडलीत तर तोही ‘इनिशिअलाइझ करू का?’ विचारेल, नाही म्हणा. डिस्क काढा, तिच्यावर तारीख लिहा, आधी नक्कल काढा आणि पुढचे प्रयोग नकलेवर करा. पोलीस केस असेल तर यातलं काहीही स्वतः करू नका. डीव्हीआर बंद करून जसा आहे तसा त्यांच्या ताब्यात द्या, सीरियल नंबर लिहून आणि पोच घेऊन.

आणि डीव्हीआर जमिनीवर ठेवू नका हो! २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला होता, हे उपनगरात राहणाऱ्यांना मी सांगायला हवं का? छोटा यूपीएसही लावा. "मुंबईत लाइट जात नाही" हे खरं, पण १२ ऑक्टोबर २०२० ला अख्ख्या मुंबईची गेली होती. आणि वर्षानुवर्षं न थांबता फिरलेली म्हातारी डिस्क एकदा थांबली की पुन्हा उठेलच याची खात्री नसते.

तर मंडळी, मागणी अगदी साधी आहे. मेंटेनन्स काँट्रॅक्टमधलं ‘१६ कॅमेरे चालू’ हे वाक्य खोडा. त्याजागी लिहा: १६ कॅमेऱ्यांचं, ठरलेल्या दिवसांचं रेकॉर्डिंग प्लेबॅक करून दाखवलं, सगळ्यात जुनी तारीख अमुक, डीव्हीआरचं घड्याळ मोबाइलशी जुळतं, स्मार्टचे ५, १९७, १९८ आणि १९९ चे आकडे अमुक, बिघाडाचा बीप चालू. हे जमत नसेल तर पैसे कापा. आणि कमिटीतल्या एका माणसाचं नाव या कामावर घाला. पद नको, नाव हवं. त्याने दर रविवारी पाच मिनिटं काढून आदल्या दिवशीच्या पहाटे तीनचं रेकॉर्डिंग लावून बघायचं आणि वहीत सही करायची. आपण वॉचमनकडून रोज हजेरीच्या वहीत सही घेतोच ना?

आणखी एक ठराव मी पुढच्या एजीएममध्ये मांडणार आहे, तुम्हीही मांडा. ज्या काळाचं रेकॉर्डिंग सोसायटीच्या हलगर्जीपणामुळे नाही, त्या काळातल्या घटनेवरून, दुसरा काही पुरावा नसेल तर, वॉचमन, सफाईवाला, घरकामाची बाई यांच्यापैकी कुणालाही कामावरून काढायचं नाही. बघा किती लवकर डिस्क बदलली जाते ते!

उद्या रविवार आहे. चहा झाला की खाली केबिनमध्ये जा आणि सांगा, "काका, परवा पहाटे तीनचं जरा लावून दाखवता का?" बाकी आपण सुज्ञ आहातच.